गाडी खाली, रस्ता वर

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. अकोल्याला त्याने एक जुनी लहान मोटार विकत घेतली होती आणि तिला 'स्पोर्ट्स' रूप द्यायचे त्याच्या मनात होते. जवळ परदेशी गाड्यांची पाच-सहा चित्रे होती. साऱ्या गाड्या दोन दारांच्या, मागे उतरत्या छपराच्या आणि जमिनीला जवळजवळ चिकटलेल्या. तो म्हणाला, "सर, गाडी दोन इंच खाली घ्याची हाये. मिस्त्री म्हणते, स्प्रिंगचे दोन वेढे कापले की झालं. घेऊ का?"

मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितले. ते दोन दिवस वाढत गेले आणि उत्तर लांबत लांबत या लेखाएवढे झाले.

त्याने दाखवलेल्या गाड्यांना 'कूपे' म्हणतात. १९५५ ते १९७५ या काळातल्या कूपे गाड्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण लिहिणारे बहुधा दोनच गोष्टी सांगतात: गाडी किती देखणी आणि किती वेगवान. तिसरी गोष्ट, म्हणजे गाडी जमिनीपासून किती उंच आणि ती उंची कशावर तोललेली, ही मात्र शेवटच्या कोष्टकात एका आकड्यावर भागवली जाते. हा आकडा एकटा वाचला तर तो फसवतो, असे माझे मत आहे. उंची हा एकट्या गाडीचा गुण नाही. तो गाडी आणि रस्ता यांच्यातला करार आहे. म्हणून या गाड्यांचे परीक्षण करताना आपण त्यांना मनाने अमरावती–अकोला रस्त्यावर आणू आणि कोणती गाडी आपला करार पाळते ते पाहू.

खाली बसण्याचा फायदा किती?

आधी गाडी खाली घेणाऱ्यांची बाजू नीट मांडू. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. किती सरकते, हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर अवलंबून असते. समजा गाडी १००० किलोची आहे, चाकांमधले अंतर १३० सेंमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी उंच आहे. ती वळणावर गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट त्वरण सोसते आहे. मग बाहेरच्या बाजूस सरकणारे वजन १००० × ०.७ × ५० ÷ १३०, म्हणजे सुमारे २६९ किलो. गाडी ५ सेंमी खाली घेतली तर ते २४२ किलो होईल. म्हणजे २७ किलोंचा, दहा टक्क्यांचा फायदा. शर्यतीच्या मैदानात तो मोलाचा आहे, हे मान्य.

पण गाडी उलटण्याची भीती यामुळे कमी होते का? उलटण्यासाठी लागणारे त्वरण चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागून मिळते: १३० ÷ १००, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १.३ पट. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड ०.८ ते ०.९ पटीच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणजे अशी गाडी सपाट रस्त्यावर उलटण्याआधीच घसरेल. जे संकट आधीच दूर आहे ते आणखी थोडे दूर सारायला आपण ५ सेंमी खर्च करणार. हा खर्च कोणत्या खात्यातून होतो, ते आता पाहू.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

स्प्रिंगला वजन टांगा. ती किती लांबली ते मोजा. मग वजन हलकेच खाली ओढून सोडा आणि वीस आंदोलनांना लागलेला वेळ घ्या. स्प्रिंग २५ सेंमी लांबली असेल तर एका आंदोलनाला जवळजवळ एक सेकंद लागेल. सव्वासहा सेंमी लांबली असेल तर अर्धा सेकंद. स्प्रिंग जाड की बारीक, वजन २०० ग्रॅम की २ किलो, याने फरक पडत नाही. लांबी चौपट वाढली की वेळ दुप्पट, एवढेच सूत्र. (वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेली स्प्रिंग मात्र घेऊ नये, आणि वजन स्प्रिंगपेक्षा पुष्कळ भारी असावे.)

मोटारीतही हेच घडते; फक्त तिथे स्प्रिंग ताणली जात नाही, दाबली जाते. गाडीच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंमी दबली असेल तर गाडी सेकंदाला एकदा वर-खाली होईल. ११ सेंमी दबली असेल तर दीड वेळा. सव्वासहा सेंमी असेल तर दोनदा. माणूस चालताना त्याचे शरीर सेकंदाला एक ते दोन वेळा वर-खाली होत असते. त्यामुळे साधारण एक ते दीड हर्ट्झचे हेलकावे आपल्याला खटकत नाहीत. त्याच्या वर गेलो की पाठ तक्रार करते.

पण मऊ स्प्रिंगला जागा लागते. चाक खड्ड्यात उतरायला आणि उंचवट्यावर चढायला मोकळा प्रवास लागतो. गाडी जमिनीला टेकवली की ही जागा संपते. मग पोट आपटू नये म्हणून स्प्रिंग कडक करावी लागते. 'स्पोर्ट्स गाडी म्हणजे कडक गाडी' या समजुतीचा उगम इथे आहे. कडकपणा हा वेगाचा गुण नव्हे, ती जागेच्या टंचाईची किंमत आहे. ही किंमत प्रत्येक कारखान्याने वेगळ्या रीतीने मोजली, आणि परीक्षकाला रस आहे तो त्यात.

पहिली गाडी: भारतात राहून बदललेले घराणे

ट्रायम्फ हेराल्ड ही इंग्रजी गाडी १९५९ साली आली आणि तिचा एक नमुना कूपेचाच होता. १९६१ पासून मद्रासला ती 'स्टँडर्ड हेराल्ड' नावाने बनू लागली. तिच्याच सांगाड्यावरून पुढे जीटी-६ ही सहा सिलिंडरची स्पोर्ट्स कूपे १९६६ साली निघाली.

या घराण्याच्या मागच्या चाकांची रचना मुलांना समजावण्यासारखी आहे. मधोमध डिफरन्शियल गाडीच्या अंगाला पक्के बांधलेले. त्यातून दोन अर्धे अ‍ॅक्सल पंखांसारखे बाहेर निघतात आणि चाके त्यांच्या टोकांना. वर एक आडवा कमानपाटा. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे बिघडत नाही, खर्चही कमी. कागदावर रचना उत्तम.

दोष वळणावर दिसतो. गाडीचे मागचे अंग जोराच्या वळणात उचलले गेले की पंखाचे टोक खाली झुकते, म्हणजे चाकाचा तळ आत सरकतो आणि टायर कडेवर उभा राहतो. तळ आत सरकल्याने अंग आणखी वर ढकलले जाते. पुस्तकातला उलटण्याचा १.३ हा आकडा इथे कामी येत नाही. कारण तो आकडा गाडीची उंची वळणावरही तेवढीच राहते असे धरून काढलेला आहे. इथे गाडी स्वतःच स्वतःची उंची वाढवते.

आता आपल्याकडचा नेहमीचा उपाय आठवा. रस्ता वाईट, गाडी घासते, तर कमानपाट्यात एखादे पान वाढवून ती वर उचला. या रचनेत उंची वाढवली की पंख आधीच झुकलेले असतात आणि दोष मुळातच वाढतो. म्हणजे 'उंच गाडी आपल्या रस्त्याला बरी' हे विधानही आंधळेपणाने करता येत नाही.

इंग्लंडमध्ये जीटी-६ ला १९६८ साली मागे खालून आधार देणारे दांडे मिळाले. १९७० च्या स्पिटफायर मार्क-४ मध्ये, त्याच घराण्यातल्या उघड्या गाडीत, आणखी साधी युक्ती आली. कमानपाट्याचे एक पान सोडून बाकीची पाने मध्यावर मोकळी डुलू दिली, म्हणजे पाटा वजन पेलतो पण वळणातल्या झुकण्याला पूर्वीएवढा विरोध करत नाही. मद्रासच्या कारखान्याने तिसरा रस्ता धरला. १९७२ साली आलेल्या 'गॅझेल' गाडीत त्यांनी ही रचनाच काढली आणि साधा एकसंध अ‍ॅक्सल बसवला, कारण आपल्याकडच्या मालकांना आणि मिस्त्रींना ते पंख रुचले नव्हते. नवे शास्त्र सोडून जुन्याकडे गेले म्हणून कोणी याला माघार म्हणेल. मला तो प्रामाणिक निर्णय वाटतो. एकसंध अ‍ॅक्सल जड असतो, पण गाडी उंच करा, खाली करा, चाके रस्त्यावर सरळ उभी राहतात. ज्या देशात प्रत्येक गाडीची उंची मालकाच्या मर्जीने आणि भाराने बदलते, तिथे हा मोठा गुण आहे.

दुसरी गाडी: खाली, तरीही मऊ

१९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वार ई-टाइप आली. तिचे रूप पाहून लोक थक्क झाले. आपण मात्र तिच्या खाली वाकून पाहू.

पुढे तिला वेटोळ्याच्या स्प्रिंगा नाहीतच. त्याऐवजी लांब पोलादी दांडे आहेत. दांड्याचे एक टोक सांगाड्याला पक्के, दुसरे चाकाच्या हाताला. चाक वर गेले की दांडा पिळला जातो आणि उलट पिळून चाकाला खाली ढकलतो. मागे प्रत्येक चाकाला स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या दोन-दोन जोड्या, आणि चाकाला शक्ती नेणारा दांडाच वरचा आधारही बनतो. मागचे ब्रेक चाकात न ठेवता आत डिफरन्शियलपाशी ठेवले आहेत. याचे कारण महत्त्वाचे आहे. चाकाबरोबर उडणारे वजन जितके कमी तितके ते चाक उंचवट्यावरून लवकर खाली येऊन रस्ता धरते. तबकडी काढून आत बसवली, की चाक हलके झाले.

परिणाम काय? गाडी बसकी असूनही तिची चाल मऊ होती आणि त्या काळच्या परीक्षकांनी तिचे तेवढ्यासाठीही कौतुक केले. त्याच काळात लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनीही हेच दाखवले: स्प्रिंग मऊ ठेवा, तिला आवर शॉकअ‍ॅब्सॉर्बरने घाला आणि गाडीचा सांगाडा ताठ करा.

'शॉकअ‍ॅब्सॉर्बर' हे नाव आपल्या वर्गात घोटाळा करते, हेही इथे सांगून टाकू. धक्का सोसते ती स्प्रिंग. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे काम आंदोलन मारण्याचे. तो तेल बारीक भोकांतून ढकलून गतीची ऊर्जा उष्णतेत घालवतो. लांब, खडबडीत प्रवासानंतर त्याला हात लावला तर तो गरम लागतो. चॅपमन यांचे तत्त्व कळायला एवढा फरक कळणे पुरेसे आहे.

पिळाच्या दांड्याचा आणखी एक गुण आहे. गाडीची उंची बदलायची असेल तर दांड्याचे पक्के टोक थोडे फिरवून पुन्हा बसवतात. दांडा तोच, लांबी तीच; म्हणून कडकपणाही जवळजवळ तोच राहतो. उंची बदलली, चाल बदलली नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला याची आठवण पुन्हा लागणार आहे.

तिसरी गाडी: काळ्या मातीत जिंकलेली

इथवर वाचून कोणी म्हणेल, ही सारी विलायती रस्त्यांची कथा. आपल्या काळ्या मातीत कूपेचे काय काम? याचे उत्तर आफ्रिकेत आहे.

केनियात होणारी सफारी रॅली त्या काळी ईस्टरच्या सुमारास, पावसाच्या दिवसांत, हजारो किलोमीटर कच्च्या रस्त्यांवरून होई. तिथल्या पुष्कळ भागांत जी माती आहे तिला इंग्रजीत आपल्या वऱ्हाडच्या मातीचेच नाव आहे: काळी कापशी माती. तीच चिकण, तोच चिखल. या रॅलीत १९७१ साली एडगर हेरमन यांनी आणि १९७३ साली युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे शेखर मेहता यांनी पहिला क्रमांक मिळवला, आणि दोघांचीही गाडी होती डॅटसन २४०-झेड. हीसुद्धा कूपेच, दोन आसनांची, लांब नाकाची. मेहतांची १९७३ ची लढत इतकी अटीतटीची होती की त्यांचे आणि हॅरी शेलस्ट्रॉम यांचे दंडगुण सारखे भरले होते. पुढे मेहतांनी १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे हीच रॅली जिंकली, वेगळ्या डॅटसन गाड्यांतून.

२४०-झेड १९६९ साली जपानमध्ये निघाली. तिच्या चारही चाकांना स्वतंत्र उभे खांब आहेत. खांबातच शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि त्याभोवती स्प्रिंग. मागच्या बाजूस खाली रुंद बुडाचा एक हात चाकाला जागेवर धरतो. पंखांच्या रचनेत चाक आखूड त्रिज्येने फिरे आणि पटकन तिरके होई. इथे चाकाचा वर-खाली प्रवास लांब आणि बराच सरळ आहे. अशा रचनेला रॅलीसाठी उंच करता येते, आणि ती उंच झाल्यावरही शहाण्यासारखी वागते. तिच्या नाकाखाली जाड संरक्षक पत्रा येतो, स्प्रिंगा बदलतात, पण मूळ व्याकरण तेच राहते.

या तीन गाड्यांत माझे मत २४०-झेडच्या बाजूने आहे. जॅग्वारचे मागचे अंग हे अभियांत्रिकीचे अधिक नाजूक काम, पण त्यात भाग पुष्कळ, जोड पुष्कळ. आतल्या ब्रेकला हात घालायचा तर मिस्त्रीला अर्धी गाडी उघडावी लागते. डॅटसनने थोड्या भागांत काम भागवले आणि आपल्यासारख्याच मातीवर ते सिद्ध केले. दिसण्यावर जॅग्वारला गुण द्या. करार पाळण्यावर डॅटसनला द्या.

आपला रस्ता काय म्हणतो?

अमरावती–अकोला हा पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा. इथली माती खोल आणि काळी. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाचे पापुद्रे पाणी शिरले की एकमेकांपासून सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की आकसते आणि शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. हेच रस्त्याखाली झाले की डांबर वर्षातून एकदा वर उचलते आणि एकदा खाली बसते. खड्डा न पडताही रस्ता लाटांसारखा होतो.

समजा अशा दोन लाटांत १५ मीटर अंतर आहे. ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटरने जाणाऱ्या गाडीला सेकंदाला दीड धक्के बसतील. गाडीची स्वतःची आंदोलनेही दीड हर्ट्झची असतील तर अनुनाद होईल. झोका बरोबर वेळेवर ढकलल्यासारखी गाडी उसळू लागेल. तेव्हा गाडीला वाचवतो तो शॉकअ‍ॅब्सॉर्बर. वेग बदलला की उसळी कमी होते, हा अनुभव मूर्तिजापूरच्या बाजूने एसटीने जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना सूत्राशिवाय ठाऊक होता.

याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किमी लांबीचा एकेरी मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची नोंद गिनेसच्या विश्वविक्रमांत झाली. विक्रमाचे कौतुक आहेच. पण त्यामुळे 'आता खाली घेतलेल्या गाड्या चालतील' असे कोणाला वाटले तर ते अर्धे खरे. महामार्गावरून उतरून गावात शिरताच पहिला गतिरोधक भेटतो.

गतिरोधकाचे गणित नववीच्या भूमितीने सुटते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा. ताशी २५ किमी वेगाने तो सुखाने ओलांडता यावा. जीवेच्या अर्ध्या लांबीचा वर्ग करून त्रिज्येच्या दुपटीने भागा: १.८५ × १.८५ ÷ ३४, उत्तर ०.१ मीटर. आकडे जुळतात. आता जॅग्वार ई-टाइपच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.४४ मीटर. चारही चाके या गतिरोधकावर असताना गतिरोधकाचा माथा चाकांच्या रेषेच्या किती वर येईल? १.२२ × १.२२ ÷ ३४, म्हणजे साडेचार सेंमीहूनही कमी. २४०-झेडच्या २.३ मीटर अंतराला तर चारच सेंमी. दहा सेंमी उंच गतिरोधक पोटाखालची फक्त चार-साडेचार सेंमी जागा मागतो!

आणि आपल्या गल्लीतला गतिरोधक? हातभर रुंद आणि वीतभर उंच. तो सबंधच्या सबंध पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये मावतो. म्हणून त्याची जेवढी उंची तेवढी सगळी तो मागतो: १५ सेंमी असला तर १५. म्हणजे तीच गाडी प्रमाणाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर उंच आणि गल्लीतल्या उंचवट्यावर बसकी. कोष्टकातला आकडा फसवतो असे सुरुवातीला म्हटले ते यासाठी. शिवाय तो आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा. बाराशे किलोच्या गाडीत दीडशे किलोची दोन माणसे बसली की एक हर्ट्झची मऊ गाडी ३ सेंमीहून जास्त बसते, दीड हर्ट्झची साधारण १.४ सेंमी. मऊपणाचीही किंमत आहे. ती लपवू नये.

आपल्या महाराष्ट्रात निघालेल्या एका कूपेने हा रस्ता डोळ्यांपुढे ठेवला होता. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनची 'अवंती' २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मांडली गेली. एंजिन आसनांच्या मागे, अंग बसके, पण पोटाखाली १७० मिलिमीटर जागा. परदेशी नमुन्यांची नक्कल करायची असती तर एवढी उंची कोणी ठेवली नसती. हा तिचा सर्वांत भारतीय आणि माझ्या मते सर्वांत चांगला निर्णय. पण त्याच गाडीला मोठ्या रिमवर कमी उंचीचे टायर बसवले. टायरमधली हवा ही गाडीची पहिली स्प्रिंग. एका हाताने दिलेली जागा दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे ते झाले. खड्ड्याच्या कडेवर अशा टायरची आणि रिमची गाठ लवकर पडते.

खड्डा म्हणजे उलटा गतिरोधक, सूत्र तेच. एक फूट रुंदीच्या खड्ड्यात चार फुटी बंडीचे चाक दोन सेंमीच्या आत उतरते. दोन फुटी मोटारीचे चाक त्याच्या दुप्पट. बंडीला स्प्रिंग नाही, पण तिच्या कारागिराने चाकाच्या घेरातच उत्तर शोधले होते. मुलांना हे गणित घालून पाहा; आजोबांच्या बंडीकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील.

विद्यार्थ्याला दिलेले उत्तर

आता दोन वेढ्यांकडे येऊ. स्प्रिंगचे आठ वेढे असतील आणि दोन कापले तर उरलेली स्प्रिंग आठास सहा या प्रमाणात, म्हणजे एक तृतीयांशाने अधिक कडक होते. स्प्रिंग छोटी झाली की मऊ होईल असे मुलांना वाटते. उलट घडते, कारण तेवढाच दाब वाटून घ्यायला वेढे कमी उरतात. इथपर्यंत फारसे बिघडले नाही असे वाटेल. पण चाकाला वर जायला आधी ९ सेंमी जागा होती आणि गाडी ५ सेंमी खाली आल्यावर ४ उरली असे धरू. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग या प्रमाणात. जुन्या स्प्रिंगचे ८१, नव्या स्प्रिंगचे १६ गुणिले १.३३, म्हणजे सुमारे २१. धक्का पेलण्याची ताकद जवळजवळ एकचतुर्थांश झाली! यापुढे रबराचा ठोकळा, आणि त्यापुढे पत्रा. जॅग्वारमध्ये उंची बदलते तेव्हा निदान कडकपणा तरी जागेवर राहतो. इथे दोन्ही बिघडतात. शिवाय कापलेल्या स्प्रिंगचे टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबले की ती जागची हलू शकते. हा धोका चाल बिघडण्याहून मोठा आहे.

हे सारे मी त्याला वहीत मांडून दाखवले. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "म्हणजे सर, चित्रातल्या गाड्या खोट्या?"

"खोट्या नाहीत रे," मी म्हटले. "त्या खाली दिसतात, पण त्यांच्या आत चाकाला फिरायला जागा राखलेली आहे. तू बाहेरची उंची पाहिलीस. आतली जागा पाहायची राहिली."

कूपेचे रूप कागदावर रेघेने काढता येते, पण तिची चाल चाकाच्या मागच्या अंधारात ठरते. ज्या गाड्या अजूनही नावाजल्या जातात त्यांच्या कर्त्यांनी त्या अंधारातली जागा कंजूषपणे नव्हे, हिशेबाने खर्च केली. आपल्या विद्यार्थ्यांना निदान एवढे शिकवता आले तर मासिकातले कोष्टक वाचताना ते पुढचा प्रश्न विचारतील: किती उंच हे कळले, पण कोणत्या रस्त्यावर, किती भारात आणि चाकाला किती जागा ठेवून?

परवा तो पुन्हा भेटला. वेढे कापलेले नव्हते. गाडी होती त्याच उंचीवर होती. जीर्ण झालेले चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र त्याने बदलून घेतले होते.